ग्वाल्हेरात बसून जगाच्या संगीताचा अभ्यास कसा सुरू करावा

जगभरच्या संगीताचा अभ्यास करायचं ठरलं की नवखा माणूस आधी यादी करतो. जावाचं धातूच्या वाद्यांचं गमेलान, अरबांचे रागांसारखे मकाम, घानातले ढोल, कोरियातलं गोष्ट गाणारं पान्सोरी. मग सहा महिने मोबाइलवर ऐकणं चालतं आणि वहीत ‘छान’, ‘वेगळं’, ‘आपल्या भूपासारखं’ याखेरीज काही उतरत नाही. ऐकण्यात कसूर नसते. ऐकलेलं मोजणं, लिहिणं आणि त्याबद्दल विचारणं ही तीन कामं हाताला नसतात. ती घराजवळच्या एखाद्या प्रकारावर शिकावीत, मग बाहेर पडावं. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला यासाठी दूर जावं लागत नाही.

कशापासून सुरुवात करायची

ख्यालापासून नको. ग्वाल्हेरात ख्यालाबद्दल प्रत्येकाचं मत आधीच तयार असतं, शास्त्र तोंडपाठ असतं, आणि कानाला जे ऐकू येतं त्याच्याऐवजी पुस्तकात जे आहे तेच वहीत जातं. नारदीय कीर्तन किंवा हरिकथा घ्या. त्यात बोलणं, पठण आणि गाणं एकाच माणसाच्या तोंडून येतं, साथ मोजकी असते आणि शब्द मराठी असल्यामुळे अर्थ शोधत बसावं लागत नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात रामनवमी, गणेशोत्सव, पुण्यतिथ्या अशी निमित्तं वर्षभर मिळतात. डिसेंबरात शहराच्या हजिरा भागात तानसेन समारोह असतो. त्याची सुरुवात तानसेनाच्या समाधीपाशी सकाळी शहनाई, ढोलीबुवा महाराजांची हरिकथा आणि मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण, अशी परंपरेने होते. एकाच जागी, एकाच सकाळी, तीन वेगळ्या रिवाजांचं वाजवणं, गाणं आणि पठण ऐकायला मिळतं. लोक संध्याकाळच्या मोठ्या नावांसाठी जातात. अभ्यासकाने सकाळीच जावं.

पूर्ण कीर्तन अभ्यासाला घेऊ नका. दीड तासाचं कीर्तन नव्या माणसाला पुरून उरतं. त्यातले तीन-तीन मिनिटांचे दोनच तुकडे निवडा, एक पूर्वरंगातल्या निरूपणाचा आणि एक उत्तररंगातल्या आख्यानाचा.

परवानगी आणि बिदागी

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बुवांना भेटा. कार्यक्रमाच्या वेळी त्यांच्या कपाळी बुक्का लागत असताना नव्हे. तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या: अभ्यासासाठी ध्वनिमुद्रण करू का, ते एखाद्या संग्रहात ठेवू का, आणि इंटरनेटवर टाकू का. पहिल्याला होकार मिळाला म्हणजे तिसऱ्याला मिळाला असं होत नाही. होकार कागदावर किंवा ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला त्यांच्याच आवाजात घ्या. साथीदारांनाही विचारा. तबलजीला कोणी विचारत नाही आणि तो ते विसरत नाही.

नंतर घरी बोलावून एखादी साकी (कीर्तनातला एक पद्यप्रकार) पुन्हा म्हणायला लावणार असाल तर तो बुवांचा वेळ आहे, त्याची बिदागी आधी ठरवा. मिलादच्या ठिकाणी पढणाऱ्यांना आणि व्यवस्थापकांना विचारल्याशिवाय यंत्र बाहेर काढू नका. डोकं झाकून एका बाजूला बसा. मिलादच्या पठणाला तिथले लोक गाणं म्हणत नसतील तर तुमच्या वहीतही ते ‘गाणी’ या सदरात जाता कामा नये. स्वर लागला म्हणून आपण त्याला संगीत म्हणायचं की नाही, हे ठरवण्याआधी ते करणारे त्याला काय म्हणतात ते लिहून ठेवा.

ध्वनिमुद्रण

महागडं यंत्र लागत नाही, पण काही गोष्टींत तडजोड चालत नाही. एमपीथ्री नको, वेव्ह फाइल घ्या, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. दोन चॅनेलला मिनिटाला साधारण १७ एमबी लागतात, म्हणजे तासाला सुमारे एक जीबी. तेवढी जागा आदल्या रात्री मोकळी करा.

मोबाइल वापरणार असाल तर त्यातलं आवाज आपोआप कमी-जास्त करणारं आणि ‘गोंगाट’ काढून टाकणारं सेटिंग बंद करता येईल असं ॲप हवं. मोबाइलच्या दृष्टीने सतत, एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट. तंबोरा नेमका तसाच असतो. घरी येऊन ऐकावं तर बुवा स्वच्छ ऐकू येतात आणि तंबोरा मधूनच गायब होतो. हे नंतर दुरुस्त होत नाही.

यंत्र बुवांपासून दीड-दोन मीटरवर, छातीच्या उंचीला, लहान स्टँडवर ठेवा. सतरंजीवर ठेवलं तर तबल्याचा धक्का आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं जमिनीतून येतात. पंख्याखाली ठेवू नका. आवाजाची पातळी बुवा बोलत असताना लावू नका. झांज वाजेल तेव्हा लावा, आणि काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढी ठेवा. झांजेचा टोला बोलण्यापेक्षा अचानक कितीतरी वर जातो. पातळी बोलण्यावर लावली असेल तर पहिल्याच गजरात आवाज फाटतो.

लाउडस्पीकर असेल, आणि तो असतोच, तर त्याच्या समोर बसू नका. माइकवाल्याला नम्रपणे ‘इको’ कमी करायला सांगा. आपल्याकडे तो पूर्ण फिरवल्याशिवाय माइकवाल्याला चैन पडत नाही. इको भरपूर असला की एका स्वराची शेपटी पुढच्या स्वरावर पडते आणि पुढे स्वर मोजताना संगणक गोंधळतो.

सुरुवातीला तारीख, जागा, गाणाऱ्याचं नाव आणि साथीदारांची नावं बोलून घ्या आणि एक टाळी वाजवा. सोबत व्हिडिओ असेल तर ही टाळी दोन्ही जुळवायला लागते. फाइलचं नाव वर्ष, महिना, दिवस, क्रमांक या क्रमाने फक्त अंकांत द्या. ‘बुवा नवीन शेवटचं २’ असल्या नावाची फाइल वर्षभराने कोणालाच सापडत नाही.

वेळेचा तक्ता

इथे घाई करू नका. आधी स्वर लिहायला बसणारा माणूस कीर्तनाची अर्धी गंमत हुकवतो. तीन मिनिटांच्या तुकड्यासाठी पाच रकाने आखा: वेळ, आवाज, साथ, शब्द, श्रोते. ‘आवाज’ या रकान्यात ‘बोलणं’ आणि ‘गाणं’ अशा दोनच खुणा केल्या तर तक्ता निरुपयोगी होतो, कारण खरा खेळ मधल्या पायऱ्यांवर चालतो. निदान चार पायऱ्या धरा:

क – साधं बोलणं
ख – सूर धरून, ताल न धरता म्हणणं
ग – लयीत म्हणणं, पण गाणं नव्हे
घ – तालात गाणं

कीर्तनातल्या पद्यप्रकारांपैकी आर्या पुष्कळदा ‘ख’ मध्ये बसते. साकी, दिंडी ठरीव चालीवर येतात, तबला मागे आला की ‘घ’ मध्ये जातात. कटाव ‘ग’ आणि ‘घ’ च्या सीमेवर धावतो. नमुन्याची एक ओळ अशी दिसेल: ‘०१:१२ – ख – पेटीवर फक्त षड्ज, तबला थांबलेला – आर्येचा पहिला चरण – कोणी हलत नाही’. पुढची: ‘०१:३१ – घ – तबला समेवर आला, झांज – पदाचं पालुपद – टाळकरी ओळ उचलतात’. या दोन ओळींमध्ये एकोणीस सेकंद आहेत. या एकोणीस सेकंदांत पेटीवाल्याला पुढे पद येणार हे कशावरून कळलं? बुवांनी हात केला, शेवटचं अक्षर लांबवलं, की पायाने ठेका दिला? तो तुकडा दहा वेळा बघा. मग साथीदारांना विचारा. त्यांचं उत्तर आणि तुम्ही पाहिलेलं वेगळं असेल तर दोन्ही लिहा.

विचारताना ‘हा राग कोणता?’ इथून सुरुवात करू नका. बुवा नाव सांगतील आणि तिथेच बोलणं संपेल. ही चाल कोणाकडून आली, कोणत्या प्रसंगाला हीच का, दुसऱ्या चालीवर म्हटलं तर बिघडेल का, चुकलं तर कोण टोकतं, असं विचारा. पेटीवाल्यालाही वेगळं बसवून हेच विचारा.

स्वर लिहिणं

ग्वाल्हेरात स्वरलिपीच्या दोन पद्धतींशी गाठ पडते आणि दोन्हींची मुळं या गावाशी जोडलेली आहेत. माधव संगीत महाविद्यालय १९१८ साली भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली निघालं, म्हणून इथे भातखंडे पद्धत सर्रास चालते. विष्णु दिगंबर पलुसकर ज्यांच्याकडे शिकले ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरच्याच गायकीचे, आणि मराठी घरांतल्या जुन्या वह्यांत पलुसकर पद्धत हमखास निघते. एक खूण दोन्हीकडे उलट अर्थाने येते. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, पलुसकर पद्धतीत तेच टिंब मंद्राचं, म्हणजे खालच्या सप्तकाचं. आजोबांची वही उघडल्यावर आधी समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, खूण बघा. फुली असेल तर भातखंडे, एकचा आकडा असेल तर पलुसकर. हे न बघता गायला बसलात तर चाल एका सप्तकाने वर-खाली उड्या मारते.

या स्वरलिपी मुळात गाण्यासाठी केल्या आहेत. ज्याला चाल ठाऊक आहे त्याला आठवण द्यायला त्या पुरतात. जे गायलं गेलं ते नेमकं टिपायला त्या अपुऱ्या पडतात. म्हणून दोन प्रती करा. पहिल्या प्रतीत नेहमीसारखी स्वरलिपी. दुसऱ्या प्रतीत प्रत्येक मात्रेखाली आलेखासारखी रेघ: स्वर कुठून उचलला, कुठे थांबला, किती हलला. एका मिनिटाच्या गाण्याला सुरुवातीला दीड-दोन तास सहज जातात. ऑडॅसिटी या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये तुकडा निम्म्या वेगाने, स्वर न बदलता ऐका. पण शेवटची तपासणी मूळ वेगातच करा. निम्म्या वेगात प्रत्येक मुरकी स्वतंत्र स्वर वाटू लागते आणि लिहिणारा चार स्वर जास्तीचे लिहून बसतो.

स्वर मोजणं

१८८५ साली अलेक्झांडर एलिस या इंग्रज विद्वानाने निरनिराळ्या देशांच्या स्वरसप्तकांची मोजणी प्रसिद्ध केली आणि सेंट हे माप वापरलं: एका सप्तकाचे १२०० सेंट, समान विभागणीतल्या प्रत्येक अर्ध्या स्वराला १००. एलिस यांचा स्वतःचा कान स्वरांना फारसा तयार नव्हता. मोजणीत त्यांना पियानोचे जाणकार हिपकिन्स यांची साथ होती. निष्कर्ष मात्र धक्का देणारा होता: जगाला एकच ‘नैसर्गिक’ सप्तक नाही. पुढचा सगळा तौलनिक अभ्यास या मापाने चालतो, तेव्हा ते शिकून घ्या.

संगणकावर प्राट किंवा सॉनिक व्हिज्युअलायझर हा स्वर मोजणारा प्रोग्राम घ्या, दोन्ही फुकट मिळतात. प्राटमध्ये स्वर शोधण्याची मर्यादा पुरुषाच्या आवाजाला ७५ ते ५०० हर्ट्झ, बाईच्या आवाजाला १२० ते ९०० ठेवून बघा. वरची मर्यादा बोलण्याच्या हिशेबाने ३०० ठेवली तर काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) षड्ज धरून येणारा तार पंचम, म्हणजे सुमारे ४१५ हर्ट्झ, संगणकाला दिसतच नाही आणि तो खालच्या सप्तकातला आकडा दाखवतो.

संगणकाला एका वेळी एकच आवाज नीट कळतो. पेटी आणि गळा एकत्र असेल तर आकडे दोघांमध्ये उड्या मारतात. म्हणून कीर्तनानंतर बुवांकडून तीच साकी पेटीशिवाय अर्धा मिनिट म्हणवून घ्या. ‘हे मागाहून घेतलेलं’ अशी नोंद फाइलवर ठळक करा. श्रोत्यांपुढचं म्हणणं आणि खोलीतलं म्हणणं एकच नसतं.

आता हिशेब. समजा षड्ज १३८.६ हर्ट्झ आला आणि गंधाराचा स्थिर भाग १७३.५. भागाकार १.२५१८. कॅल्क्युलेटरवर त्याचा लॉग (१० पायाचा) काढा आणि ३९८६.३ ने गुणा. उत्तर ३८९ सेंटच्या आसपास येतं. समान विभागणीतला गंधार ४०० वर असतो, म्हणजे १७४.६ हर्ट्झ. फरक जेमतेम एक हर्ट्झचा, पण तो ११ सेंटचा आहे, आणि ठेवून लावलेल्या स्वरात तयार कानाला कळतो. पेटीचे स्वर मात्र ४०० वरच असतील असं गृहीत धरू नका. तीही मोजा. ४४० हर्ट्झच्या प्रमाण स्वराच्या हिशेबात न बसणाऱ्या पेट्या भरपूर आहेत.

आपल्याकडचा नवा अभ्यासक इथेच घसरतो. ३८९ आले की ‘५:४ चा गंधार, ३८६ सेंट, अमुक क्रमांकाची श्रुती सिद्ध झाली’ असं लिहून मोकळा होतो. गळा एका स्वरावर उभा असतानाही दहा-वीस सेंट मागेपुढे होतो. एका आकड्याला काही किंमत नाही. तोच गंधार दहा ठिकाणी मोजा आणि सगळ्यात खालचा, सगळ्यात वरचा व मधला आकडा लिहा. मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं) आणि आंदोलन (स्वराचं संथ हलणं) यांची सरासरी काढू नका. दरबारीतल्या कोमल गंधाराची सरासरी काढली तर हाती येणाऱ्या आकड्यावर गायक कदाचित थांबलेलाच नसतो.

जुन्या तबकड्यांबाबत एक सावधगिरी. भारतात ग्रामोफोनचं मुद्रण १९०२ साली सुरू झालं, आणि ‘७८’ म्हणवणाऱ्या तबकड्या प्रत्यक्षात नेमक्या ७८ च्या वेगाने घेतलेल्या असतीलच असं नाही. वेगात सहा टक्के फरक पडला की सगळं जवळपास अर्ध्या स्वराने सरकतं. तेव्हा तबकडीवरून ‘अमुक उस्ताद काळी दोनमध्ये गात’ असं म्हणू नका, आणि लयीबद्दलही जपून बोला. स्वरा-स्वरांतलं सेंटचं अंतर मात्र वेग एकसारखा चुकलेला असला तरी बदलत नाही, ते बेधडक मोजा. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवरून बैठकीतला ख्याल केवढा चाले हे काढू नका, एवढं सांगायची खरं तर गरज नसावी.

तीच मापं घेऊन बाहेर

पहिली तुलना कोरियातल्या पान्सोरीशी करा. तिथेही एकटा गायक तासन्‌तास गोष्ट सांगतो. पूर्ण कथा काही वेळा आठ तासांपर्यंत जाते. बोलण्याचा भाग, अनिरी, आणि गाण्याचा भाग, सोरी, आलटून-पालटून येतात. हातात पंखा असतो, साथीला पुक नावाचा एकच ढोल. २००३ साली युनेस्कोने या कलेला मानवतेच्या मौखिक व अमूर्त वारशाचा मान दिला. इंटरनेटवरून तीन मिनिटांचा तुकडा घ्या आणि कीर्तनासाठी आखलेला तोच तक्ता, तेच पाच रकाने, तीच क-ख-ग-घ खूण लावा. भाषा कळली नाही तरी आवाज, साथ आणि श्रोते हे रकाने भरता येतात.

तक्ते शेजारी ठेवल्यावर फरक दिसू लागतात. कीर्तनात टाळकरी आणि श्रोते ओळ उचलून गातात. पान्सोरीत श्रोते गात नाहीत, ढोलवाला आणि जाणकार श्रोते ओळीच्या शेवटी मोठ्याने दाद देतात, आणि ती दाद कलेचा भाग मानली जाते. कीर्तनात पेटी षड्ज धरून असते. पान्सोरीत सूर देणारं वाद्य नाही, त्यामुळे आधारस्वर गळ्यातूनच शोधावा लागतो आणि तो वर-खाली सरकू शकतो. तुकड्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, तीनदा मोजा. एवढं साम्य बघून ‘म्हणजे कीर्तन तिकडे गेलं’ असं मात्र लिहू नका. एकटा माणूस गर्दीला रात्रभर गोष्ट सांगणार असेल तर बोलणं आणि गाणं आलटून-पालटून आणण्याची युक्ती कुठेही सुचू शकते. प्रवास सिद्ध करायला माणसं, वाटा आणि कागद लागतात.

दुसरा प्रयोग लयीचा. एकतालाच्या बारा मात्रा एकसारख्या मोजा आणि १, ३, ५, ६, ८, १०, १२ वर टाळी द्या. पश्चिम आफ्रिकेत घाना आणि टोगोच्या किनाऱ्याकडे राहणाऱ्या एवे लोकांच्या नाचात लोखंडी घंटेवर वाजणारा हा सात टोल्यांचा नमुना. तो पक्का झाला की पाय १, ४, ७, १० वर टाका. पहिल्या दिवशी हात-पाय भांडतात. भांडण मिटल्यावर लक्षात येतं की पायाची लय आणि घंटेची लय यांपैकी एक मुख्य व दुसरी आड असं ऐकायची सवय आपली आहे. ‘यात तालाची खाली (टाळी न देण्याची मात्रा) कुठे?’ हा प्रश्न इथे लागू पडत नाही. पहिल्या टोल्याला आपल्या समेसारखी जागा आहे असं धरून चालू नका, नाचणाऱ्यांचे पाय बघा.

गमेलान ऐकताना आणखी एक सवय मोडावी लागते. आपलं आवर्तन समेवर सुरू होतं. जावाच्या गमेलानात मोठा गाँग आवर्तनाच्या शेवटच्या मात्रेवर पडतो. गाँगला सम समजून मोजायला लागलात की प्रत्येक ओळ एका मात्रेने पुढे सरकते. स्वरांचंही तसंच. स्लेन्द्रो या पाच स्वरांच्या सप्तकात अंतरं साधारण २४० सेंटची, म्हणजे ०, २४०, ४८०, ७२०, ९६०. आपला कान २४० ला रिषभ, ४८० ला मध्यम, ९६० ला कोमल निषाद करून टाकतो आणि मध्यमाद सारंगाचं नाव देऊन मोकळा होतो. प्रत्यक्षात यातलं एकही अंतर आपल्या पेटीवर नाही. शिवाय प्रत्येक गमेलान संच स्वतःपुरता लावलेला असतो. एका संचातली पट्टी दुसऱ्यात चालत नाही, म्हणून एका संचाची मोजणी ‘जावाचं सप्तक’ म्हणून छापू नका. बालीमध्ये वाद्यं जोडीने लावतात, एक किंचित चढं, एक किंचित उतरतं. २०० आणि २०७ हर्ट्झच्या पट्ट्या एकत्र वाजल्या की सेकंदाला सात हेलकावे येतात. ते हेलकावे त्यांना हवे असतात. त्याला बेसूर म्हणाल तर तुमच्या वहीतला बाकीचा मजकूर कोणी वाचणार नाही.

मकामासाठी एवढंच पुरे: रास्त या मकामाचा तिसरा स्वर ३५० सेंटच्या आसपास, आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध. तो पेटीवर शोधू नका, गळ्याने लावून बघा.

वाद्यांची नोंद

वाद्य कोणत्या वर्गातलं हे ठरवायला एकच प्रश्न विचारा: पहिल्यांदा काय थरथरतं? तार, कातडं, हवा की वाद्याचं अंगच? नाट्यशास्त्रातले तत, अवनद्ध, सुषिर आणि घन हे चार वर्ग म्हणजे हेच. कोलकात्याच्या शौरींद्रमोहन ठाकूर यांनी बेल्जियमच्या राजाकडे भारतीय वाद्यं पाठवली, ब्रसेल्सच्या संग्रहालयात व्हिक्टर माहियाँ यांनी १८८० च्या सुमारास हीच चौकट धरून सूची केली, आणि १९१४ साली होर्नबोस्टेल व झाक्स यांनी तीच पुढे बारीक पोटभेदांसह मांडली. आज जगभरची संग्रहालयं ती वापरतात. पेटी पट्ट्यांमुळे वेगळ्या वर्गात जात नाही. तिच्यात हवेवर पातळ जिभा हलतात, म्हणून ती सुषिर. सरोदावर कातडं आहे म्हणून तो अवनद्ध नव्हे, तार आधी थरथरते.

लष्करात जिवाजीगंजला सरोद घर आहे. तिथे सरोद आणि रबाब यांच्याकडे एका नजरेने बघा: मानेवर लाकूड की धातूची पट्टी, पडदे बांधलेले आहेत की नाहीत, तारा तातीच्या की धातूच्या. अफगाणी रबाबाच्या मानेवर काही पडदे बांधलेले असतात, सरोदावर गुळगुळीत धातू. लांब मींड कशामुळे शक्य झाली ते या एका फरकात दिसतं.

दगड आणि पोथ्या

ध्वनिमुद्रणाच्या आधीच्या काळासाठी किल्ल्याच्या पायथ्याशी गूजरी महालात जा. सोमवारी संग्रहालय बंद असतं, वार बघून निघा. पवाया गावाहून आणलेल्या गुप्तकालीन पट्टीवर मधोमध नाचणारी आणि भोवती वाजवणाऱ्या बायका कोरल्या आहेत. त्यातली धनुष्यासारखी वाकलेली वीणा शोधा. आपल्या दरबारी संगीतातून ती पुढे नाहीशी झाली. म्यानमारमध्ये साउंग या नावाने ती आजही वाजते, आणि मध्य प्रदेशातच मंडला भागातल्या परधान गायकांकडे तिची साधी बहीण नोंदली गेली आहे. तारा मोजण्यात वेळ घालवू नका. दगड झिजतो, कारागीर सोयीने रेघा काढतो. मान वाकडी की सरळ, वाद्य कुठे टेकलं आहे, कोणता हात तारेवर आहे, वाजवणारी बसली आहे की उभी, एवढं रेखाटा. फोटो काढलात तरी हातानेही रेखाटा, कारण रेखाटताना जे दिसत नाही ते फोटोतही दिसणार नाही.

राजा मानसिंह तोमरांच्या मानकुतूहल या संगीतग्रंथाचं नाव ग्वाल्हेरात सगळे घेतात. त्याची ओळख आपल्याला मुख्यतः फकीरुल्लाह याने सतराव्या शतकात केलेल्या फारसी ग्रंथातून होते. म्हणजे मानसिंहांच्या दरबारानंतर दीडशे वर्षांनी लिहिलेला मजकूर हातात आहे. त्यातलं विधान उद्धृत करताना ‘मानसिंह म्हणतो’ असं न लिहिता ‘फकीरुल्लाह सांगतो’ असं लिहा.

जपून ठेवणं

त्याच रात्री तीन प्रती करा: एक संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. मूळ फाइलला हात लावायचा नाही, कापाकापी प्रतीवर. वेळेचा तक्ता, स्वरलिपी, मोजणी आणि परवानगीचा कागद एकाच क्रमांकाखाली ठेवा. आठवड्याभरात बुवांना एक प्रत पेन ड्राइव्हमध्ये घालून द्या, तबलजी आणि पेटीवाल्यांनाही. ती ऐकून ते तुमच्या तक्त्यातल्या चुका दाखवतील. त्या वेगळ्या रंगाच्या शाईने तारखेसह लिहा, पहिली नोंद खोडू नका.